भोंग्याच्या दिशेने

वाघाये मॅडम दगड चाटायच्या.

आमची लॅब दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये होती. डोंगरातल्या खाणींमधून निघणारी खडी आणि मोठे धोंडे कुठल्या कामाला चालतील हे तपासून द्यायचं, एवढंच आमचं काम. त्यासाठी दगड दाबून फोडणारी मशिनं होती, पाण्यात शिजवणारी भांडी होती, रिपोर्ट होते. पण मॅडम खाणीवर पोचल्या की आधी हातोडीने एक कपची उडवायच्या, बाटलीतल्या पाण्याने धुवायच्या आणि तिला जिभेचं टोक लावायच्या. मग डोळे मिटून क्षणभर उभ्या. "खलास" म्हणाल्या की दगड नापास. "यल्ला" म्हणाल्या की पोत्यात भरायचा.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. त्यांच्या ते लक्षात आलं. "माती असली की जीभ चिकटते गं," त्या म्हणाल्या. "आणि ओला दगड कोरड्या दगडासारखा लपवाछपवी करत नाही." मशीन पुढे कधी त्यांच्या बाजूने बोलायचं, कधी विरुद्ध. विरुद्ध बोललं तर त्या निमूटपणे मशीनचं मान्य करायच्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा चाटायच्या.

कुंदा वाघाये. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, निवृत्तीला आलेल्या. हेल्मेट नीट बसावं म्हणून अंबाडा पार मानेवर उतरवलेला. दुबईच्या करामा भागातल्या एका जुन्या बैठ्या इमारतीत एकट्याच राहायच्या आणि खाली भाजी आणायला जातानाही पायात सेफ्टी शूज असायचे. लग्नाबद्दल कुणी विचारलंच तर, "मुहूर्ताच्या वेळी मी साइटवर होते," एवढं सांगून विषय संपवायच्या. भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या पलीकडे, मँगनीजच्या एका खाणीच्या वसाहतीत त्यांचं लहानपण गेलं होतं. वडील खाणीत होते. त्यापुढचं त्या कधी सांगायच्या नाहीत आणि विचारावं असा त्यांचा चेहराही नसायचा.

ऑफिसात त्या इंग्रजी बोलायच्या, खाणीवर हिंदी, आणि माझ्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी. मी ठाण्याची. माझ्याशी बोलताना त्यांनी आपली गावाकडची बोली जणू कपाटात घडी घालून ठेवली होती. फक्त जेवताना ती थोडी बाहेर यायची. खाणीच्या फाटकापाशी गाडीच्या बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही बसायचो. गरम खुब्ज, म्हणजे अरबी रोटी, आणि त्यांच्या डब्यातली जवसाची चटणी. "खाय ना वं, लाजते कायले," असं काहीतरी त्यांच्या तोंडून निसटायचं आणि मग त्या स्वतःच हसायच्या.

गाडी त्याच चालवायच्या. जुनी पांढरी पजेरो. मोबाइलचा नकाशा लावलेला त्यांना आवडायचा नाही. "ही बाई कुठून बोलते? तिने पाहिलाय का हा डोंगर?" असं त्या नकाशातल्या आवाजाला विचारायच्या. त्यांचे रस्ते दगडांच्या रंगांवर चालायचे. लाल वाळू संपली की धैद गाव. करडा दगड काळा पडायला लागला की मसाफी. काळ्यात हिरवट झाक आली की डावीकडे वळायचं. आणि कुठल्याही खाणीत गाडी उभी करताना तोंड बाहेरच्या रस्त्याकडेच. आत शिरून, वळवून, मागे घेऊन, कितीही वेळ लागो. "खाणीत तोंड आत करून उभं राहू नये," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "कारण नसतं. सवय असते."

दुबईत राहणाऱ्या आपल्या लोकांना ती गावं माहीत नसतात. खडी फोडणाऱ्या क्रशरच्या भोवती वसलेली. एक मशीद, एक टायरवाला, एक न्हावी, कामगारांचे पत्र्याचे कॅम्प, आणि हॉर्न वाजवला की गाडीपाशी चहा आणून देणारं कॅफेटेरिया. सगळ्यावर सारखीच राखाडी धूळ. खाण चालू असेतो ट्रकांची रांग मोडत नाही. खाण बंद पडली की महिन्याभरात कॅम्पचे पत्रेसुद्धा उचलून नेतात. मग नुसता कापलेला डोंगर उरतो, पायऱ्या पायऱ्यांचा, जणू कुणीतरी वर जायला जिना बांधायला घेतला आणि सोडून दिला.

अशा जागा मॅडमना वाटेत दिसल्या की त्या थांबायच्याच.

एकदा त्या मला शारजाच्या हद्दीतल्या एका वादीत घेऊन गेल्या. वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. तिथे हजारो वर्षांपूर्वी माणसं तांबं वितळवायची. जमिनीवर काळा, जड, काचेसारखा मळ अजून पसरलेला होता. मॅडमनी एक तुकडा उचलला, धुतला, जिभेला लावला आणि त्या पटकन थुंकल्या.

"इथलं तांबं संपलं म्हणून लोक गेले का?" मी विचारलं.

"तांबं होतं. झाडं संपली. भट्टीला लाकूड राहिलं नाही." त्यांनी आजूबाजूच्या उघड्या डोंगरांकडे पाहिलं. "खाणीचं गाव ज्याच्यासाठी वसतं ते संपून मरत नाही प्राजक्ता. दुसरंच काहीतरी संपतं. ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं ते."

मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले तर त्यांनी माझा हात खाली केला. "रिकाम्या गावाचा फोटो काढू नये."

"का?"

"ते परत आपल्याकडे बघतं."

त्या कधी भुताखेतांच्या गोष्टी करणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे मी मोबाइल खिशात ठेवला.

गेल्या काही वर्षांत आमचं काम रास अल खैमाच्या बाजूला वाढलं. तिथे समुद्रात भर टाकून केलेल्या बेटांवर हॉटेलं उभी राहत होती आणि त्यातल्या एकात कॅसिनो होणार असं सगळीकडे बोललं जात होतं. या देशात कॅसिनो! किनाऱ्यावरच्या लहानशा गावांत दुसरा विषय नव्हता. न्हाव्याने दुकानाला नवीन काच बसवली होती. दोन खोल्या भाड्याने देणारा मालक आता त्याच खोल्यांना 'सुईट' म्हणत होता. बेटाच्या कडेला टाकायचे प्रचंड धोंडे मात्र डोंगरातून यायचे, आणि त्यांचे नमुने आमच्याकडे.

त्या किनाऱ्याच्या जवळच एक ओसाड गाव आहे. प्रवाळाच्या दगडांची घरं, छपरं बसलेली, दारांच्या जागी नुसती भोकं. पूर्वी तिथले पुरुष समुद्रात बुडी मारून मोती काढायचे. मोत्यांचा धंदा बसला आणि माणसं निघून गेली. त्या पडक्या भिंतींमधून पलीकडे पाहिलं की क्षितिजावर क्रेन फिरताना दिसतात.

एका हिवाळ्यात आम्ही तिथल्या कॅफेटेरियाच्या बाहेर चहा घेत होतो. मालक मलबारी, बोलका माणूस. म्हणाला, "कॅसिनो आने दो मॅडम. फिर देखना. पूरा गाव बदल जाएगा."

"गाव बदलता नहीं भाई," मॅडम म्हणाल्या. "गाव जाता है."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. मला मराठीत म्हणाल्या, "मोती काढणं हीसुद्धा खाणच. आणि जुगार ही तर खाणीची सख्खी बहीण. उद्या नक्की सापडेल म्हणून आज आत उतरायचं. आमच्या वसाहतीत प्रत्येक घरात एक माणूस होता असा."

चहा संपवून आम्ही किनाऱ्यापर्यंत चालत गेलो. भरती होती. पाणी अगदी स्थिर, हिरवं. मॅडम काठावर थांबल्या आणि त्या पाण्याकडे वाकून बघायला लागल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या,

"एवढं पाणी कुठून आलं?"

मला वाटलं भरतीबद्दल बोलताहेत.

"पंप बंद पडले का?" त्या म्हणाल्या. "खाण भरली की वं सगळी."

मी हसले. मला ती मॅडमची नेहमीची कोरडी थट्टा वाटली. पण त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. धास्ती होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती, त्या पाण्याखाली राहिलेल्या कुणासाठी तरी होती. क्षणभरच. मग एक ट्रक हॉर्न देत गेला, त्यांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "चल, पोती भरायची राहिली आहेत."

त्यानंतर मी लक्ष द्यायला लागले. आणि लक्ष दिल्यावर दिसायला लागलं.

मसाफीचा चौक आला आणि त्या डावीकडे न वळता सरळ गेल्या. बोगद्यामागून बोगदे संपले आणि आम्ही खोर फक्कानला समुद्राशी पोचलो. समोर बंदर, कंटेनरचे रंगीत ढीग. आम्हाला जायचं होतं तावियेनच्या डोंगरात. "रस्ता बदललाय," मॅडम रागाने म्हणाल्या. "न विचारता बदलतात." मी मोबाइलवर नकाशा लावला. त्या पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. नकाशातली बाई सांगेल तसं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, त्यांनी गाडी परत नेली. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि एसी जोरात चालू होता.

मग भाषा जायला लागल्या. आधी इंग्रजी. मीटिंगमध्ये वाक्य अर्ध्यावर थांबायचं आणि उरलेलं हिंदीत यायचं. मग हिंदीही अडायला लागली. हातोडीला काय म्हणतात ते आठवेना, तर त्या हात वर-खाली करून दाखवायच्या. माझ्याशी बोलताना ती पुस्तकी मराठी कुठे कुठे विरत चालली आणि खालची बोली वर यायला लागली, जुन्या भिंतीचा रंग उडाल्यावर आधीचा रंग दिसावा तशी. "मी येऊन रायली," "तुले काय वाटते," "हाव ना बाप्पा." ऑफिसातल्या मराठी मुलांना गंमत वाटायची. मॅडम किती मोकळ्या झाल्या आता, असं ती म्हणायची. मला त्या बोलीची भीती वाटू लागली होती. त्या वाक्यांमधली माणसं आमच्या ऑफिसातली नव्हती.

मी मॅनेजरला सांगितलं. तो भला माणूस होता. म्हणाला, थकल्या आहेत, या मोसमानंतर रिटायरच होताहेत, तोवर त्यांना एकट्याने जाऊ देऊ नकोस. म्हणून मी प्रत्येक खेपेला बरोबर जायला लागले. गाडी मी चालवते म्हटलं की त्या चावी मुठीत धरून माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांचं काही चोरायला आले आहे.

शेवटची खेप तावियेनकडच्या खाणीची होती. चुनखडीची मोठी खाण, बेटांसाठी धोंडे तिथूनच जायचे. तिथला फोरमन शकूरभाई. पठाण, दाढी पांढरी झालेली, मॅडमना वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यांना 'आपा', म्हणजे ताई, म्हणायचा.

त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडलेली होती. वारा नव्हता. धूळ वर उडत होती आणि तिथेच लटकत होती, डोंगराचा माथा दिसत नव्हता. गाडी मॅडमच चालवत होत्या. रस्ता मात्र एकदाही चुकला नाही, आणि का कोण जाणे, त्याने मला जास्तच अस्वस्थ केलं. त्यांना आज ठाऊक होतं आपण कुठे निघालोय.

फाटकापाशी पोचलो तर स्फोटाची वेळ झाली होती. रस्त्यावर लाल झेंडे, गाड्या अडवलेल्या. मॅडमनी नेहमीप्रमाणे गाडी वळवून तोंड बाहेर करून लावली. शकूरभाई सलाम करून गेला, "थोडा सबर आपा, ब्लास्ट के बाद," म्हणाला. आम्ही गाडीतच बसलो. मी डबा उघडला.

मग पहिला भोंगा झाला.

खाणीत स्फोटाआधी भोंगा वाजवतात. माणसांनी दूर जावं म्हणून. आम्ही दोघींनी तो कितीतरी वेळा ऐकलेला होता. पण मॅडमचा हात रोटीवरच थांबला. त्या मान तिरकी करून ऐकू लागल्या.

"हा येळचा भोंगा नाय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, ब्लास्टिंगचा आहे."

"पाळी सुटाले टाइम हाय अजून. हा येळचा नाय." त्यांचा चेहरा बदलला. मी तो कसा सांगू? साठी उलटलेल्या बाईच्या चेहऱ्यात एक लहान मुलगी येऊन उभी राहिली आणि ती घाबरलेली होती. "बाबा आतच हायेत."

मी डबा खाली ठेवेपर्यंत त्या दार उघडून उतरल्या होत्या. आणि पळत सुटल्या. खाणीकडे. लाल झेंड्यांच्या आत, खडीवरून, सेफ्टी शूजमध्ये, हेल्मेटशिवाय. मी कधी त्यांना भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. फाटकावरचा माणूस एका ट्रकवाल्याशी वाद घालत होता, त्याच्या पाठीमागून त्या गेल्या. मी ओरडले. भोंगा इतका मोठा होता की माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मी त्यांच्या मागे पळाले. समोर तो कापलेला डोंगर, पायऱ्या पायऱ्यांचा, आणि त्याच्या पोटात ठासून भरलेली दारू. त्या क्षणी ते सगळं माझ्या अंगावर यायला तयार उभं होतं आणि मॅडमची पाठ माझ्यापुढे लहान लहान होत होती. त्या धुळीत शिरल्या. भोंगा थांबला. त्यानंतरची शांतता त्याहून वाईट होती, कारण आता दुसरा भोंगा आणि मग स्फोट, हा क्रम मला पाठ होता.

मी त्यांना गाठलं आणि हात धरला. त्यांनी तो हिसडला. अंगात केवढी ताकद! "सोड मले! सोड! बाबा आत हाय म्हणते ना मी!" मी दोन्ही हातांनी कवेत घेतलं तर त्यांनी माझ्या मनगटाला चावा घेतला. आम्ही दोघी खडीवर पडलो.

तेवढ्यात शकूरभाई धावत आला. एका हाताने वॉकीटॉकी तोंडाशी, "रोको! रोको! आदमी अंदर है! मत दबाओ!" त्यातून नुसती खरखर येत होती. तो ओरडत राहिला. शेवटी पलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि त्याने वॉकीटॉकी खाली घेतली. 

मॅडम उठून पुन्हा आतल्या बाजूला निघाल्या होत्या. शकूरभाई त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्याने हात धरला नाही. त्याला मराठी येत नव्हती, पण 'बाबा' हा शब्द त्याला कळला असावा. नंतर त्याने मला सांगितलं की त्याच्या मुलखातली अर्धी माणसं कोळशाच्या खाणीत जातात, आणि खाणीच्या तोंडाशी धावणारी मुलं त्याने पाहिलेली आहेत. पण तेव्हा तो काहीच समजावत बसला नाही. खाली वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं, इतकंच म्हणाला,

"आपा, बाबा बाहर आ गए. दूसरे रास्ते से आ गए. घर पे हैं."

मॅडम थांबल्या.

"सच्ची?"

"खुदा कसम. घर पे हैं. आप को ढूँढ रहे हैं."

 त्यांनी ओढणीने तोंड पुसलं, शकूरभाईच्या बाहीला धरलं आणि आमच्याबरोबर चालत परत आल्या. फाटकाबाहेर आल्यावर त्या गाडीच्या सावलीत जमिनीवरच बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. त्या पाणी पीत असताना मागे भोंगा पुन्हा झाला, आणि मग तो डोंगर आवाज न करता खाली बसला. आवाज नंतर आला, पायातून. धुळीची भिंत आमच्यापर्यंत येऊन विरली. मॅडमनी वळूनही पाहिलं नाही. माझ्या मनगटावरचे दातांचे वळ बघून म्हणाल्या, "हे कोणं केलं वं तुले?"

"कुत्रं," मी म्हणाले.

"मोकाट सोडतेत मेले," त्या म्हणाल्या, आणि आपल्या ओढणीचं टोक ओलं करून माझं मनगट पुसत राहिल्या.

परत येताना गाडी मी चालवली. चावी शकूरभाईने मागितली म्हणून त्यांनी दिली; मी मागितली असती तर दिली नसती.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराला नाव मिळालं. त्यांना न्यायला तुमसरहून त्यांचा धाकटा भाऊ आला. विलास. शाळेतून निवृत्त झालेला, हळू बोलणारा माणूस. करामातल्या त्या घरात आम्ही दोघांनी मिळून सामान आवरलं. मॅडम खिडकीपाशी बसून होत्या. सामान बांधता बांधता मी विलासरावांना खाणीतली हकिगत सांगितली. शकूरभाई काय म्हणाला तेही. बाबा दुसऱ्या रस्त्याने बाहेर आले, घरी आहेत, तुम्हाला शोधताहेत.

विलासरावांच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"त्याला हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्यांना शांत करायला म्हणाला."

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. ते स्वतः तेव्हा आईच्या कडेवर होते, त्यांनीही हे आईकडूनच ऐकलेलं. एक दिवस अवेळी भोंगा झाला. खाणीत एक बाजू बसली होती. वसाहतीतल्या बाया धावल्या. कुंदा शाळेतून परस्पर धावली आणि गर्दीतून, कुणाच्या लक्षात न येता, आत शिरली. वडील त्या वेळी आत नव्हतेच. ते जुन्या वाटेने आधीच वर आले होते आणि घरी पोचले होते. मुलगी कुठे आहे म्हणून शोधायला लागले. कुणीतरी सांगितलं, ती तर आत गेली.

"मग ते आत गेले," विलासराव म्हणाले. "कुंदाला दुसऱ्याच माणसांनी बाहेर काढलं. बाबा नाही आले."

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी हॉर्न देत होती.

"त्यांना माहीत आहे?" मी विचारलं.

"आम्ही कधी सांगितलं नाही. बाबा पाळीवर होते, पाळीतच गेले, असंच घरात सांगायचं ठरलं. आई शेवटपर्यंत तसंच म्हणाली." त्यांनी सुतळीची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "पण खाणीची वसाहत आहे ती. शंभर तोंडं. तिला माहीत नसेल असं मला कधी वाटलं नाही. नाहीतर दगडांचंच शिक्षण कशाला घेतलं असतं? आणि इतक्या लांब कशाला आली असती?"

मला यातलं काय खरं ते कळत नाही. दगडांचं शिक्षण माणसं पोटासाठीही घेतात आणि लांब तर आम्ही सगळेच आलो आहोत. पण एक मला जाणवत राहतं. आयुष्यभर त्यांना जे वाक्य कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती, ते एका परक्या मुलखातल्या पठाणाने, काहीच ठाऊक नसताना, खाणीच्या तोंडाशी त्यांना सांगितलं. आणि त्यांनी ते ऐकलं. ऐकून त्या थांबल्या. की लहानपणच्या त्या मुलीला कळलं, आपण बाहेरच थांबलो तर बाबा आपल्याला शोधत आत जाणार नाहीत, आणि म्हणूनच तिने मागे वळून पाहिलं नाही? हा विचार आला की मी दुसऱ्या कामाला लागते.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेले. मॅडमनी साडी नेसली होती, विलासरावांनी आणलेली, निळ्या काठांची. मी त्यांना साडीत कधी पाहिलं नव्हतं. अंबाडा सोडून मागे एक वेणी घातलेली. त्या खूश होत्या. आजूबाजूला इतकी माणसं बघून त्यांना जत्रेत आल्यासारखं वाटत होतं. मी पाया पडले तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विलासरावांना विचारलं, "कोणाची पोरगी हाय ही? चांगली हाय."

"आपल्याकडलीच आहे," विलासराव म्हणाले.

पुढे फक्त प्रवाशांना सोडत होते. मी कठड्यापाशी थांबले. दोघं रांगेतून सरकत सरकत काचेच्या दारापर्यंत गेली. तिथे मॅडम थांबल्या आणि वळल्या. माझ्या दिशेने पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, ओळखलं. त्यांनी हात वर केला, अगदी सगळा दंड हलवत, आणि मीही हात वर केला.

पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्यामागे एक म्हातारा उभा होता. कामगार, बंगाली असावा, उन्हाने काळवंडलेला, दोरीने बांधलेलं खोकं खांद्यावर घेऊन कुणाची तरी वाट पाहत थांबलेला. त्यालाच त्या हात करत होत्या. त्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्याने पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, खोकं काळजीपूर्वक खाली जमिनीवर ठेवलं, आणि दार बंद होईपर्यंत दोन्ही हात वर करून तो हलवत राहिला.